ठाण्याच्या खाडीतील रोहितदर्शन

ठाणे, कळवा, डोंबिवली आणि कल्याणच्या रहिवाशांना खाडीची ओळख असते ती लोकलच्या खिडकीतून. ठाणे स्थानक सोडल्यावर पूल येतो, खाली काळपट पाणी आणि दोन्ही काठांना हिरवी खारफुटी दिसते, नाकाला रुमाल लागतो आणि गाडी कळव्यात शिरते. याच खाडीत, या पुलापासून काही किलोमीटर दक्षिणेला, हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हजारो रोहित पक्षी चरत असतात. वन विभागाच्या कांदळवन कक्षामार्फत ऐरोली येथून ते पाहण्यासाठी मार्गदर्शकासह बोटीची सफर चालवली जाते. मुंबई महानगराच्या मधोमध पाण्यावर बसून वन्य पक्ष्यांचे एवढे मोठे थवे पाहण्याची सोय देशातील अन्य महानगरांत क्वचितच असेल.

ही खाडी नेमकी कशी आहे, हे आधी पाहिले पाहिजे. उल्हास नदी कल्याण-डोंबिवलीच्या कुशीतून ठाण्याकडे येते आणि पुढे घोडबंदरमार्गे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. ठाण्याजवळ या प्रवाहाला एक अरुंद फाटा आहे. तो दक्षिणेकडे रुंदावत जाऊन मुंबई बंदराला मिळतो, तीच ठाणे खाडी. तिची लांबी सुमारे २६ किलोमीटर. साष्टी बेटाला मुख्य भूमीपासून वेगळे करणारे हे पाणी एकेकाळी व्यापाराचा राजरस्ता होते. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि दुर्गाडीच्या पायथ्याशी आरमाराची उभारणी सुरू केली, ती याच जलमार्गांच्या भरवशावर. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी पुढच्याच वर्षी खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली आणि मग पाण्याचा रस्ता हळूहळू विस्मरणात गेला. रोहितांनी तो नव्याने नकाशावर आणला, असे म्हणण्यास हरकत नाही.

ऐरोली पूल ते वाशी पूल या दरम्यानचा, मुख्यत्वे पश्चिम काठाकडचा पट्टा राज्य शासनाने ६ ऑगस्ट २०१५ रोजी ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून घोषित केला. क्षेत्र १६.९ चौरस किलोमीटर. त्यात सुमारे नऊ चौरस किलोमीटर खारफुटी आणि उरलेला भाग पाण्याचा व दलदलीचा. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूरमध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर हा मान मिळवणारे हे महाराष्ट्रातील तिसरे ठिकाण होय.

रोहित म्हणजेच अग्निपंख, आणि बोलण्यातला फ्लेमिंगो. खाडीत त्याच्या दोन जाती येतात. मोठा रोहित उभा राहिला तर चार ते पावणेपाच फूट भरतो. रंगाने जवळजवळ पांढरा, पंखांत लाल छटा, चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. लहान रोहित त्याच्या खांद्याशी येतो. मात्र त्याचा गुलाबी रंग गडद असतो आणि चोच दुरून काळीच वाटावी इतकी गडद लाल असते. ठाणे खाडीत बहुसंख्या या लहान रोहितांची. जागतिक पातळीवर ही जात ‘संकटसमीप’ गटात मोडते, हे येथे ध्यानात ठेवावे लागते.

या पक्ष्याची खाण्याची रीत मोठी मौजेची आहे. तो मान खाली घालून चोच उलटी करून पाण्यात बुडवतो. जाड, मांसल जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी आत येते, चोचीच्या कडेच्या बारीक कंगव्यांतून गाळले जाते आणि अन्न आत राहते. लहान रोहिताचे कंगवे अतिसूक्ष्म, म्हणून तो शेवाळाच्या बारीक कणांवर जगतो. मोठ्या रोहिताची गाळणी जाड, त्यामुळे त्याच्या वाट्याला कोळंबीवर्गातले बारीक जीव, अळ्या आणि लहान शिंपले येतात. दोघे एकाच चिखलात चरतात, पण एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. त्यांचा गुलाबी रंगही याच अन्नातून येतो. शेवाळातील कॅरोटिनॉइड द्रव्ये पिसांत साठतात. पिल्लू राखाडी असते आणि त्याला पूर्ण रंग चढायला काही वर्षे जातात. म्हणून बोटीतून एखादा मळकट, करडा पक्षी दिसला तर तो आजारी समजू नये. तो बहुधा अल्पवयीन असतो.

हे पक्षी खाडीत घरटी करीत नाहीत. त्यांची वीण मुख्यत्वे कच्छच्या रणात होते. चिखलाचे बुटके मनोरे रचून प्रत्येक जोडी त्यावर एकच अंडे घालते. कच्छमधील या ‘फ्लेमिंगो नगरी’चे वर्णन डॉ. सालिम अली यांनी १९४० च्या दशकात केले होते. मुंबईच्या किनाऱ्यावर, विशेषतः शिवडीच्या दलदलीत, त्यांचे मोठे थवे १९९० च्या दशकात दिसू लागले आणि पुढे ते खाडीतून वर सरकत ऐरोली-भांडुपपर्यंत पोहोचले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या गणनेत २०१९ मध्ये त्यांची संख्या लाखावर गेली. याच संस्थेने २०२२ मध्ये सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे बसवली, तेव्हा हे पक्षी ठाणे खाडी आणि गुजरात यांदरम्यान ये-जा करतात, हे प्रत्यक्ष नकाशावर उमटले.

आता प्रश्न असा की, एवढ्या घाणीत हे देखणे पक्षी येतात कशाला? उत्तर काहीसे अवघडून टाकणारे आहे. खाडीत दोन्ही काठांचे सांडपाणी येते. त्यातील नत्र आणि स्फुरद यांवर शेवाळ माजते आणि लहान रोहितांना तेच हवे असते. म्हणजे शहराने वाया घालवलेल्या गोष्टीवर ही पंगत बसते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यावरून प्रदूषण हितकारक ठरते, असा अर्थ काढणाऱ्यांची संख्या कमी नाही. पण तो निखालस चुकीचा आहे. सांडपाण्याबरोबर कारखान्यांतील जड धातूही येतात आणि ते गाळात, गाळातून जिवांत साठत जातात. चेंदणी, विटावा, दिवे, ऐरोली येथील कोळ्यांना विचारले, तर जाळ्यात पूर्वी काय येत असे आणि आज काय येते, यातून खाडीचा खरा ताळेबंद मिळतो.

सफरीचे यश घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर अवलंबून असते. पूर्ण ओहोटीला धक्क्याजवळ चिखल उघडा पडतो आणि बोट हलत नाही. पूर्ण भरतीला चिखल बुडतो, पक्ष्यांना पाय टेकायला जागा उरत नाही आणि ते उडून काठावरच्या पाणथळ जागी विसाव्याला जातात. पाणी चढू लागलेले असताना किंवा ओसरू लागल्यानंतर मधला जो काळ असतो, तोच दर्शनाचा. पाणी चढते तसतसा उघडा चिखल आक्रसतो आणि विखुरलेले थवे एका पट्ट्यात गोळा होतात. म्हणूनच सफरीच्या वेळा रोज बदलतात. भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे जाते.

कोकण किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा येथेही कामी येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास; अष्टमीला सहा; एकादशीला सव्वाआठ; पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हिशेब तोच. खाडीच्या वरच्या अंगाला पाणी बंदरापेक्षा थोडे उशिरा पोहोचते, तेवढी सूट धरावी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी खूप चढते आणि खूप उतरते, तर अष्टमीच्या आसपासच्या भांगाला चढउतार बेताचा असतो. कालनिर्णय भिंतीवर असलेल्या कोणत्याही घराला एवढे गणित जमण्यासारखे आहे. अर्थात सफरीची वेळ केंद्राकडून अधिकृत तक्ते पाहूनच ठरते आणि आरक्षण आगाऊ करणे इष्ट असते. सुट्टीच्या दिवशी आयत्या वेळी जाणाऱ्यांच्या पदरी निराशा येण्याची शक्यता अधिक.

ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र दिवे गावालगत, सेक्टर १० च्या टोकाला आहे. जर्मन सरकारच्या सहकार्याने ते उभे राहिले. कल्याण-डोंबिवलीहून जाणाऱ्यांनी ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर मार्गावरील वाशी किंवा पनवेलची गाडी घ्यावी. २०२४ मध्ये मध्ये दिघा गाव स्थानक सुरू झाल्याने ऐरोली आता ठाण्यानंतरचे दुसरे स्थानक आहे. तेथून रिक्षा मिळते.

बोट सुटण्यापूर्वी जीवरक्षक जाकीट घालावे लागते. सुरुवातीचा मार्ग खारफुटीतून जातो, आणि अनेकजण हा भाग ‘अजून पक्षी कुठे’ या अधीरतेत वाया घालवतात. वास्तविक तिवराच्या मुळांकडे पाहावे. चिखलातून वर आलेल्या बोटाएवढ्या खुंट्या म्हणजे झाडाची श्वसनमुळे. चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून झाड तो वरून घेते. त्या खुंट्यांमधून निवट्या सरपटतात, उड्या मारतात. काठाला बगळे, शराटी, चित्रबलाक, उथळ पाण्यात वर वळलेल्या चोचीचा उचाट्या, तुतारींचे लहान थवे आणि डोक्यावर कुरव. तिवरांत कोल्ह्यांचाही वावर आहे. तो दिसला तर नशीब.

मग पाणी रुंदावते आणि दूरवर गुलाबी रेघ दिसते. प्रथमदर्शनी ती पक्ष्यांची आहे हे पटत नाही. जवळ गेल्यावर त्यांचा घोगरा, बदकासारखा कलकलाट ऐकू येतो. मागे पवई-भांडुपच्या बाजूचे मनोरे, डावीकडे वाशीचा पूल आणि मध्ये हे दृश्य. चांगला नावाडी इंजिन मंद करून बोट लांबच थांबवतो, आणि याच ठिकाणी प्रवाशांचा आग्रह सुरू होतो: ‘अजून थोडे जवळ घ्या, उडू द्या, फोटो चांगला येईल.’ ही मागणी मान्य करू नये. परतीच्या लांब प्रवासासाठी पक्ष्याला येथे अंगात चरबी साठवायची असते. विनाकारण घेतलेले प्रत्येक उड्डाण त्या साठ्यातून वजा होते. दुर्बीण आणि लांब पल्ल्याची लेन्स यांनी जे दिसते, तेच पुरेसे आहे. नसेल, तर नुसते डोळेही चालतात.

अभयारण्याची सीमा आखली म्हणजे पक्षी सुरक्षित झाले, असे मात्र नाही. भरतीच्या वेळी रोहित जेथे जाऊन उभे राहतात, त्या नेरुळ-सीवूड्स परिसरातील पाणथळ जागा अभयारण्याबाहेर आहेत. त्यांतील डीपीएस तलावात येणारा भरतीच्या पाण्याचा मार्ग बंद झाल्याने तो कोरडा पडला आणि २०२४ मध्ये त्या भागात अनेक रोहित मृत व जखमी अवस्थेत सापडले. त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपरजवळ उतरणाऱ्या विमानाला थवा धडकला आणि ३९ रोहित ठार झाले. विमान सुखरूप उतरले. विसाव्याची जागा हिरावल्याने थवे रात्री भरकटले, असे पर्यावरणप्रेमींचे म्हणणे होते. एका तळ्याचा पाण्याचा मार्ग बुजणे ही बाब विमानतळापर्यंत कशी पोहोचू शकते, याचा विचार त्यानंतर सुरू झाला. या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली.

खारफुटीला मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ मधील आदेशांचे संरक्षण आहे. तरीही येथे एक पेच आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. भराव आणि सांडपाण्याबरोबर गाळ वाढला की खाडी उथळ होते आणि तिवर पाण्याकडे पुढे सरकते. तिवर वाढले म्हणून आनंद होतो. परंतु रोहिताला झाडी नव्हे, मोकळा चिखल हवा असतो.

वरच्या अंगाची गोष्टही यातून सुटत नाही. अंबरनाथ-उल्हासनगरची वालधुनी कल्याणजवळ खाडीला मिळते, डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांचे पाणीही त्याच प्रवाहात येते आणि भरती-ओहोटी ते पाणी वरखाली हलवत राहते. डोंबिवलीत २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला आणि २०२० मध्ये औद्योगिक वसाहतीतील रस्ता गुलाबी झाला, तेव्हा त्या रंगांच्या बातम्या सर्वत्र गाजल्या. खाडीतल्या गुलाबी रंगाचे कारण निराळे असले, तरी दोन्ही रंगांना पाणी एकाच जाळ्यातले मिळते.

साधारण नोव्हेंबरपासून थवे येऊ लागतात. संख्या जानेवारीनंतर वाढते आणि एप्रिल-मेमध्ये भरात असते. उन्हाळ्यात सकाळची फेरी पकडावी, टोपी आणि पाणी सोबत असावे, भडक कपडे टाळावेत. पहिल्या पावसाच्या आसपास बहुतेक पक्षी उत्तरेकडे निघून जातात. वीण करण्याच्या वयात न आलेले काही मागे राहतात. पावसाळ्यात बोटी बंद असताना ऐरोली पुलावरून जाणाऱ्या बसच्या खिडकीतून ते कधीकधी दिसतात.