कोपरीतली चांगली शाळा कोणती?

मागच्या व्याख्यानानंतर एका पालकांनी आम्हाला गाठलं आणि विचारलं, "सर, कोपरीत सगळ्यात चांगली शाळा कोणती?" उत्तर द्यायचं राहून गेलं. आज उत्तर देऊ, पण आधी या प्रश्नाचा इतिहास बघू.

कोपरी म्हणजे ठाणे पूर्व. एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला खाडी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली आणि रुळांनी शहराचे दोन भाग केले. कचेऱ्या आणि मोठा बाजार पश्चिमेला राहिले. पूर्वेला कोळी-आगरी वस्ती आणि मिठागरं. फाळणीनंतर इथे सिंधी निर्वासित आले, त्यांची कॉलनी वसली. पुढे कामगार, नोकरदार आले. वस्ती एवढीशी, पायी फिरून होईल इतकी. पण सकाळी इथली मुलं किती वेगवेगळ्या गणवेशांत बाहेर पडतात, बघा.

आता शाळांची तुलना. ती आपण करतो निकालावरून. ही सवय जुनी आहे. १८६२ साली इंग्लंडात 'निकालाप्रमाणे अनुदान' सुरू झालं. इन्स्पेक्टर येणार, वाचन, लेखन आणि गणित तपासणार, आणि मुलं पास होतील त्या मानाने शाळेला पैसे मिळणार. आपल्या मुंबई इलाख्यातही खासगी शाळांच्या अनुदानासाठी ही पद्धत आली. मग काय झालं? घोकंपट्टी वाढली. कच्चं मूल म्हणजे शाळेचं नुकसान, असा हिशेब झाला. शतक संपेपर्यंत इंग्लंडने ती पद्धत सोडली. आपल्या मनातून मात्र ती गेलेली नाही.

दुसरी तुलना माध्यमाची. इथे कोपरीचा अनुभव फार बोलका आहे. निर्वासित मुलांनी शिकायचं कोणत्या भाषेत? सिंधीला स्वतःचं राज्य नव्हतं. लिपी अरबी की देवनागरी, यावर समाजातच वाद होता. आठव्या अनुसूचीत सिंधीला जागा मिळाली ती १९६७ साली. तोवर इथे जन्मलेली मुलं मोठ्या वर्गांत पोचली होती. अनेक घरांनी इंग्रजी माध्यम धरलं. त्यांना दोष कोण देणार? सगळं मागे टाकून आलेला माणूस मुलाच्या हाती चालेल असं नाणं देणारच. पण आज अनेक सिंधी घरांत नातवंडांना आजीची लिपी वाचता येत नाही. निकालाच्या तक्त्यात या तोट्याला रकाना नाही. आणि तोच रस्ता आता मराठी घरांनीही धरला आहे, तेही कुणी हुसकावून न लावता.

तिसरी गोष्ट, शेजाराची. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात 'शेजारशाळे'ची कल्पना मांडली: वस्तीतल्या सगळ्या मुलांनी, जात, धर्म, ऐपत न बघता, एकाच शाळेत जावं. आयोगाचे सदस्य-सचिव आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. ते घडलं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने निदान एक खिडकी उघडली. खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला यातून सूट. कोपरीसारख्या दाट वस्तीत याचा अर्थ काय, सांगायला नको. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, हे बरं झालं.

म्हणजे बघा, एका शाळेने मुलं निवडून घ्यायची, दुसरीने येईल त्याला घ्यायचं, आणि वर्षअखेरीस आपण दोघींचे टक्के शेजारी शेजारी मांडायचे. याला तुलना म्हणत नाहीत. घरात पुस्तकं असलेलं मूल आणि घरातलं पहिलं शिकणारं मूल एकाच रेषेवरून धावायला सुटत नाहीत. विचारायचं ते हे, की मूल आलं तेव्हा कुठे होतं आणि आता कुठे आहे.

तर त्या पालकांना आमचं उत्तर. निकालाचा फलक वाचायच्या आधी शाळेत जाऊन तीन गोष्टी विचारा. मध्येच शाळा सोडलेली मुलं किती? मागे पडलेल्या मुलासाठी इथे काय करतात? तुमच्या बिल्डिंगमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बाईंचं मूल या वर्गात बसू शकेल का? आणि म्युनिसिपाल्टीच्या शाळेतही एकदा जाऊन या. तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. ऐपत असलेले पालक निघून गेले म्हणून त्या शाळा ओस पडल्या, का त्या ओस पडल्या म्हणून पालक गेले? दोन्ही खरं आहे. पण यातलं पहिलं आपल्या हातात होतं, आणि अजून आहे.

प्रश्न असतील तर विचारा.