जहाज सोडून जाण्याचा हक्क

1895 साली ओरेगनमधल्या अ‍ॅस्टोरिया बंदरात ‘अरागो’ जहाजावरचे चार खलाशी किनाऱ्यावर उतरले, ते परत चढायला तयार होईनात. सरकारी अधिकाऱ्यांनी त्यांना पकडून कोठडीत टाकलं आणि जहाज सुटायच्या वेळी बळजबरीने वर चढवलं. तरीही त्यांनी कामाला हात लावला नाही, म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्यावर खटला भरला गेला.

अमेरिकेत गुलामगिरी आणि वेठबिगारी 1865 मध्येच घटनेने बंद झाली होती. पण 1897 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते संरक्षण खलाशांच्या कराराला लागू नाही. बहुमताच्या निकालात खलाशांची तुलना अज्ञान मुलांशी केली होती. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी नोंदवलं.

या निकालाची सल आयुष्यभर उरात बाळगणारा माणूस म्हणजे अँड्र्यू फ्युरुसेथ. जन्म 1854 चा, नॉर्वेतल्या गरीब घरातला. तरुणपणीच तो समुद्रावर गेला आणि 1880 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोचला. तिथल्या बंदरात खानावळवाल्या दलालांचं राज्य होतं. खलाशाला उधारीवर ठेवून घ्यायचं, कर्ज चढवायचं आणि जहाजावर चढताना त्याची आगाऊ मजुरी स्वतःच्या खिशात घालायची, हा त्यांचा धंदा. 1885 मध्ये किनारी खलाशांची युनियन निघाली. दोनच वर्षांत फ्युरुसेथ तिचा सचिव झाला.

पुढे त्याचा मुक्काम वॉशिंग्टनला. अंगावर साधे कपडे, राहायला स्वस्तातली खोली, संसार नाहीच. युनियनकडून तो खलाशाच्या पगाराहून जास्त घेत नसे. वर्षामागून वर्षं हा उंच, काटकुळा माणूस काँग्रेसच्या सभासदांना गाठून एकच गोष्ट समजावत राहिला: जहाज बंदरात सुखरूप लागल्यावर काम सोडणं हा गुन्हा असता कामा नये.

1898 च्या कायद्याने अमेरिकन बंदरात जहाज सोडल्याबद्दलची कैद अमेरिकन जहाजांवरच्या खलाशांसाठी बंद झाली. उरलेली मजल मारायला आणखी 17 वर्षं लागली. ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर जीवरक्षक होड्या आणि त्या चालवणारे वाकबगार हात यांची चर्चा सुरू झाली. सिनेटर ला फोलेट यांनी खलाशांच्या हक्कांचं विधेयक लावून धरलं आणि 4 मार्च 1915 रोजी अध्यक्ष विल्सन यांनी त्यावर सही केली. अमेरिकन बंदरात परदेशी जहाजावरचा खलाशीही आता कैदेच्या भीतीविना उतरू शकत होता. त्यामागे फ्युरुसेथचा व्यवहारी हिशेब होता: माणसं पळू लागली की परदेशी मालकांनाही मजुरी वाढवावीच लागेल.

पण याच कायद्यात एक अट होती. जहाजाच्या प्रत्येक विभागातल्या 75 टक्के माणसांना अधिकाऱ्यांचे हुकूम समजले पाहिजेत. सुरक्षेच्या नावाने घातलेल्या या अटीचा रोख पॅसिफिकवरच्या चिनी खलाशांवर होता. फ्युरुसेथ आशियाई मजुरांना उघड विरोध करी, गोऱ्यांचा समुद्र गोऱ्यांकडेच राहावा असं मानी. मातृभाषा नॉर्वेजियन असलेल्या माणसाने ही भिंत उभी करावी, हे त्याच्या कारकिर्दीवरचं सगळ्यात मोठं लांच्छन आहे. त्याच काळात रत्नागिरीकडचे आणि गोव्याचे खलाशी ब्रिटिश जहाजांवर आशियाई खलाशांसाठीच्या वेगळ्या ‘लास्कर’ करारांखाली, गोऱ्या सोबत्यांपेक्षा कितीतरी कमी पगारावर राबत होते. वेठबिगारीविरुद्धच्या फ्युरुसेथच्या लढ्यात या माणसांना जागा नव्हती.

1921 चा संप फसला आणि युनियन खचली. 1934 च्या मोठ्या संपात पश्चिम किनाऱ्यावरचे तरुण गोदी कामगारांचा नेता हॅरी ब्रिजेस याच्या मागे गेले. 22 जानेवारी 1938 रोजी फ्युरुसेथ वॉशिंग्टनला वारला. त्याचा देह मजूर खात्याच्या इमारतीत दर्शनाला ठेवला होता. अस्थी त्याच्या इच्छेप्रमाणे अटलांटिकमध्ये, किनाऱ्यापासून दूर सोडल्या.