मुलाची पोटगी : घरें दोन, पोषण एक

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील कडा हें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. शेजारचा अहमदनगर जिल्हा, ज्यास आज अहिल्यानगर म्हणतात, तो मात्र मुंबई प्रांतांत मोडत असे. सीमेच्या दोन्ही अंगांस भाषा एक, सोयरीक एक. परंतु कायदे निराळे. मुंबई प्रांतानें १९४७ सालीं हिंदु घटस्फोटाचा कायदा केला, तेव्हां त्याचा अंमल या सीमेपाशींच थांबला. म्हणून कड्याच्या बाजूस विवाह तुटतच नसत, असें मात्र नव्हे. महाराष्ट्रांतील अनेक जातींत काडीमोड रूढीनें मान्य होता आणि पंचांसमक्ष सोडचिठ्ठी होत असे. पंच नवराबायकोचा वाद मिटवीत. मूल बहुधा बापाच्या घराण्याचें समजलें जाई, आणि त्याच्या पोटाचा स्वतंत्र हिशेब क्वचितच मांडला जाई.

हा हिशेब मांडण्याचें काम हळूहळू न्यायासनाकडे आलें. ऐपत असूनहि जो बाप आपल्या मुलाचें पोषण करीत नाहीं, त्यास दरमहा ठराविक रक्कम देण्याचा हुकूम करण्याचा अधिकार १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४८८ व्या कलमानें मॅजिस्ट्रेटास दिला होता. १९५१ सालीं ही संहिता हैदराबाद राज्यासहि लागू झाली. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें जुन्या सीमेच्या दोन्ही बाजूंस घटस्फोटाचा एकच कायदा आणला, रूढीचा काडीमोडहि राखला, आणि २६ व्या कलमान्वयें मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांचा विचार न्यायालयाकडे सोंपविला. पुढील वर्षींच्या दत्तक व पोषणविषयक कायद्यानें त्यांत महत्त्वाची भर घातली : अपत्याचें पोषण करणें हें बापाप्रमाणेंच आईचेंहि कर्तव्य ठरलें.

येथूनच आजचा प्रश्न उत्पन्न होतो. घटस्फोटानंतर मूल निम्मे दिवस आईकडे व निम्मे दिवस बापाकडे राहिलें, तर पोटगी कोणीं कोणास द्यावी? दिवस समान, म्हणून देणेंघेणें कांहींच नाहीं, असा समज पुष्कळदां आढळतो. तो हिशेबास टिकत नाहीं. समजा, बापाची मासिक प्राप्ति ४०,००० रुपये, आईची २०,००० आणि मुलाचा एकंदर खर्च ९,००० रुपये आहे. मिळकतीच्या प्रमाणांत बापाचा वांटा ६,००० व आईचा ३,००० होतो. परंतु मूल दोन्ही घरीं सारखेंच राहत असल्यामुळें प्रत्येक घरीं ४,५०० रुपये खर्च होतात. म्हणजे आईवर १,५०० रुपयांचा अधिक भार पडतो, आणि तेवढी रक्कम बापानें तिला दिली पाहिजे. ऑस्ट्रेलियांत उभय पालकांची मिळकत आणि मुलाच्या मुक्कामाच्या रात्री, दोन्ही विचारांत घेऊनच रक्कम ठरवितात.

भारतांत असें ठराविक सूत्र कायद्यांत नाहीं. तत्त्व मात्र मान्य झालेलें आहे. आई व बाप दोघेंहि मिळवितीं असलेल्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं मुलांचा खर्च बापाचे दोन व आईचा एक अशा प्रमाणांत उभयतांवर टाकला. विधि आयोगानें २०१५ च्या २५७ व्या अहवालांत संयुक्त ताब्याची शिफारस केली. २०२० सालीं नागपूरच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, दोन्ही पक्षांनीं आपली मिळकत व मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर सांगावी, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. जुनें ४८८ वें कलम १९७३ च्या संहितेंत १२५ वें झालें, आणि १ जुलै २०२४ पासून तें भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें १४४ वें कलम आहे. धर्म कोणताहि असो, तें सर्वांस लागू पडतें.

बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं असंख्य कुटुंबें ऊसतोडीस परमुलखीं जातात. विभक्त आईबापांपैकीं एक जण कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर गेला, तर मुलाचे दिवस सारखे वांटणें अशक्यच. हंगामाचे सारे महिने मूल एकाच घरीं राहतें. मजुरीहि उचल म्हणून एकरकमी हातीं येते. अशा ठिकाणीं वर्षाच्या मिळकतीची मासिक सरासरी काढावी आणि मूल प्रत्यक्ष किती दिवस कोठें जेवलें, हें पाहावें, हाच न्याय्य मार्ग होय. मूल कोणाचें, हा पंचांचा जुना प्रश्न होता. मुलास काय लागतें, आणि तें पुरविण्याची शक्ति कोणाची किती, हा आजच्या न्यायासनाचा प्रश्न आहे.