आजीबाईंना लिहिलेली पत्रे

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे, अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात, पंडिता रमाबाई व चिमुकली मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. रमाबाईंचे वय अवघे पंचवीस. आई-वडील दुष्काळाच्या वणवणीत गेले; भाऊ गेला; १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले; आणि सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्येच आपले जीवन संपविले. धर्मांतरामुळे स्वदेशातील दारेही बंद होऊ लागली होती. अशा स्त्रीने मिळालेल्या नव्या घरात निमूटपणे मान तुकवली असती, तर तिला कोणी दोष दिला असता?

परंतु रमाबाई प्रश्न विचारू लागल्या. पवित्र त्रैक्याचा सिद्धान्त, अथनासियसचा विश्वासांगीकार, बिशपांचा अधिकार, कशालाच त्यांनी केवळ आज्ञा म्हणून होकार दिला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवले, आता दुसऱ्याचे खांद्यावर घेणार नाही, हा त्यांच्या पत्रांचा सूर. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला. प्रामाणिकपणे सांगायचे, तर त्या काळी मी धर्मगुरू असतो तर मलाही तोच दिसला असता. त्रैक्याविषयीच्या त्यांच्या शंका मला आजही मान्य नाहीत. लोकभाषेतील उपासनेला मात्र आमच्या ख्रिस्तसभेने द्वितीय व्हॅटिकन परिषदेत (१९६२-६५) वाव दिला, हे विसरता येत नाही.

मला अधिक मोलाची वाटते ती निराळीच गोष्ट. इतके तीव्र मतभेद होऊनही रमाबाईंनी लिहिणे सोडले नाही. जेराल्डिन यांना त्या ‘आजीबाई’ म्हणत. सदसद्विवेकावर त्या कोणाचा ताबा मानीत नव्हत्या. मात्र आपल्या एकुलत्या एका लेकीला काही काळ त्याच भगिनींच्या हाती सोपविताना त्यांनी हात आखडला नाही. एकटी पडलेली व्यक्ती रागावून पत्र फाडते. रमाबाई पुन्हा लेखणी उचलीत.

पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी दुष्काळातील अनाथ मुली व विधवांचे विशाल कुटुंब उभे केले. कोणत्याही एका पंथाची चौकट त्यांनी अखेरपर्यंत स्वीकारली नाही. १९२२ साली त्या प्रभूघरी गेल्या.

ती पत्रे जपून ठेवली आणि संकलित केली, ती त्यांच्याशी वाद घालणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांनीच. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती ग्रंथरूपात प्रकाशित केली.