‘हॉगार्थचा कायदा’ आणि मुद्राचित्रांवरील स्वामित्व

इंग्लंडमधील १७३५ चा कोरीव मुद्राचित्रांविषयीचा कायदा ‘हॉगार्थचा कायदा’ या नावाने ओळखला जातो. कलावंताच्या प्रतिभेस संसदेने दिलेली ही मान्यता होय, असे त्याविषयी सामान्यतः मानले जाते. कायद्याची पार्श्वभूमी व तरतुदी एकत्र तपासल्या असता मात्र हे मत अपुरे ठरते.

१७१० च्या ॲन राणीच्या कायद्याने नव्या ग्रंथांस १४ वर्षांचे संरक्षण दिले होते. चित्रे त्याच्या कक्षेबाहेर राहिली. लंडनमधील मुद्राचित्रांचा व्यापार मोजक्या दुकानदारांच्या हाती होता. विल्यम हॉगार्थने १७३२ मध्ये ‘ए हार्लट्स प्रोग्रेस’ ही ६ चित्रांची मालिका या दुकानदारांस वगळून, १ गिनी वर्गणी घेऊन थेट ग्राहकांस विकली. तिला यश लाभताच स्वस्त नकला दुकानांतून विकल्या जाऊ लागल्या. तेव्हा हॉगार्थ, जॉर्ज व्हर्च्यू प्रभृतींनी १७३५ च्या प्रारंभी कॉमन्स सभेकडे दाद मागितली. कायदा २४ जून रोजी अमलात आला, आणि त्यासाठी रोखून धरलेली ‘ए रेक्स प्रोग्रेस’ ही मालिका दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झाली. परंतु मूळ रंगचित्रे पाहून आलेल्या हस्तकांकडून स्मरणाने नकला करवून त्या विक्रेत्यांनी आधीच बाजारात आणल्या होत्या. यावर हॉगार्थने थॉमस बेकवेल या विक्रेत्याकडून लहान आकाराच्या अधिकृत स्वस्त प्रती काढविल्या. त्याचा विरोध विक्रेत्यांस नसून परवानगीवाचून होणाऱ्या विक्रीस होता, हे यावरून स्पष्ट होते.

कायद्याने संरक्षणाची मुदत १४ वर्षे ठरविली. पत्र्यावर व प्रत्येक प्रतीवर मालकाचे नाव आवश्यक केले आणि प्रत्येक नकलेमागे ५ शिलिंग दंड ठेवला. हक्क मात्र स्वतःच्या कल्पनेवरून चित्र कोरणाऱ्यास किंवा कोरविणाऱ्यासच मिळाला. दुसऱ्याच्या रंगचित्रावरून पत्रा कोरून पोट भरणारा कारागीर त्यापासून वंचित राहिला.

ही उणीव १७६७ च्या कायद्याने दूर केली. मुदत २८ वर्षांची झाली, तसेच हॉगार्थची विधवा जेन हिला पतीच्या चित्रांवर २० वर्षांचा खास हक्क मिळाला. रंगचित्रास स्वतःचे वैधानिक संरक्षण मिळण्यास मात्र १८६२ साल उजाडावे लागले.

प्रतिभेचा गौरव हाच हेतू असता, तर मूळ रंगचित्र सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उघड्यावर राहते ना. संसदेने प्रथम संरक्षण दिले ते विक्रीयोग्य प्रतीस. कलावंताचा हक्क त्या प्रतीच्या आश्रयानेच कायद्यात शिरला. दृश्यकलेतील स्वामित्वहक्काचा इतिहास लिहिताना चित्रशाळेइतकेच दुकानाकडेही पाहिले पाहिजे.