सांगोला मतदारसंघाचा राजकीय कल : १९६२ ते २०२४

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला हे माण नदीच्या खोऱ्यातील एक लहानसे तालुक्याचे गाव. पाऊस बेभरवशाचा, जमीन बहुतांशी कोरडवाहू. अशा या गावाचे नाव महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात आले ते गणपतराव देशमुख यांच्यामुळे. शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने ते १९६२ ते २०१४ या काळात येथून अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले. हा देशातील उच्चांक असल्याचे पुष्कळदा लिहिले जाते. परंतु केरळातील पाला मतदारसंघाने के. एम. मणी यांना तेरा वेळा निवडून दिले होते, हे लक्षात ठेवणे इष्ट होय. विचार करण्याजोगा प्रश्न विक्रमाचा नसून, जो पक्ष राज्यात इतरत्र क्षीण होत गेला तो येथेच का टिकला, हा आहे.

शेतकरी कामगार पक्षाचा उदय १९४७-४८ च्या सुमारास, काँग्रेसमधील असंतुष्ट बहुजन नेतृत्वातून झाला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत या पक्षाचे शंकरराव मोरे सोलापुरातून लोकसभेवर गेले. पुढे केशवराव जेधे आणि स्वतः मोरे स्वगृही परतले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर संयुक्त महाराष्ट्र समितीचे प्रयोजनही संपले. १९६२ साली काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. देशमुख प्रथम विजयी झाले ते याच निवडणुकीत. म्हणजे सांगोल्याचा हा कल लाटेबरोबर आलेला नव्हता. लाट विरुद्ध दिशेने वाहत असताना तो प्रकट झाला.

याचे कारण जातीच्या संख्याबळात शोधण्याची प्रथा आहे. देशमुख धनगर समाजाचे, आणि तालुक्यात तो समाज मोठा, एवढे खरे. पण ज्या अन्य तालुक्यांत हा समाज मोठा आहे तेथे लाल बावटा असा रुजलेला दिसत नाही. आमच्या मते अधिक महत्त्वाची गोष्ट पाण्याची होय. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची सत्ता कालवा, ऊस आणि सहकारी साखर कारखाना या तीन टेकूंवर उभी राहिली. शेजारच्या माळशिरस तालुक्यात ही रचना पूर्णपणे पाहावयास मिळते. सांगोल्यात ऊसच बेताचा, त्यामुळे कर्ज, तोडणी आणि सभासदत्व यांच्या द्वारा मतदाराला बांधून ठेवणारी यंत्रणा येथे वेळेवर उभी राहू शकली नाही. त्या रिकाम्या जागेत दुष्काळी कामे, रोजगार हमी, सूतगिरणी आणि पुढे कृष्णेच्या पाण्याची मागणी यांभोवती दुसरी यंत्रणा उभी राहिली. १९९० नंतरच्या दशकात नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासमवेत आटपाडीस भरविलेल्या पाणी परिषदांनी तिला नवे बळ दिले. तेरा दुष्काळी तालुक्यांचा प्रश्न हा येथील मतदाराच्या दृष्टीने सिद्धान्ताचा नव्हता, रोजच्या घागरीचा होता.

ही निष्ठा मात्र अभंग नव्हती. १९७२ साली देशमुख पराभूत झाले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा आले. मध्यंतरी महाराष्ट्राने शतकातील एक भीषण दुष्काळ अनुभवला होता. १९९५ मध्ये काँग्रेसच्या शहाजीबापू पाटील यांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरविले. हेच पाटील २०१४ साली शिवसेनेच्या वतीने लढून पराभूत झाले आणि २०१९ साली, देशमुख निवृत्त झाल्यावर, त्यांच्या नातवाविरुद्ध ७६८ मतांनी विजयी झाले. येथेच या मतदारसंघाची खरी घडण दिसते. विरोधी बाजूचे चिन्ह पालटले, नेता तोच राहिला. सांगोल्यात लढत काँग्रेस विरुद्ध शिवसेना अशी नसून शेकाप आणि शेकापविरोध अशी आहे. राज्यव्यापी पक्ष हे त्या विरोधाला वेळोवेळी मिळालेले पोशाख होत. उलट शेकापची बाजूही काटेकोर काँग्रेसविरोधी म्हणता येत नाही. १९७८ च्या पुलोद सरकारात देशमुख मंत्री होते, तसेच १९९९ च्या काँग्रेसप्रणीत आघाडी सरकारातही. तरी २००४ साली मतदारांनी त्यांना परत पाठविले. लोकसभेच्या पंढरपूर मतदारसंघातून तर १९७७ पासून १९९८ पर्यंत काँग्रेसचे संदीपान थोरात सातत्याने निवडून येत होते.

अभ्यासकाने येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. ‘सांगोल्याचे मत’ असे आपण म्हणतो तेव्हा ते वस्तुतः मतदारसंघाचे मत असते, गावाचे नव्हे. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजल्या जात, त्यामुळे बाजारपेठेतील व्यापारी आणि वाडीवस्तीवरील मेंढपाळ यांची मते वेगळी काढण्याचा मार्ग त्या वर्षांपुरता बंद आहे. मतदानयंत्रे आल्यानंतरचे केंद्रनिहाय आकडे नमुना २० मध्ये उपलब्ध असतात. नगरपालिका हद्दीतील केंद्रे निवडून कोणी विद्यार्थ्याने ते मांडल्यास गाव आणि तालुका यांच्यातील अंतर प्रथमच मोजता येईल.

गणपतराव देशमुख यांचे ३० जुलै २०२१ रोजी निधन झाले. एका व्यक्तीवरची श्रद्धा म्हणून ज्याचे वर्णन होत असे, तो कल तिच्यामागे उरतो काय, याची परीक्षा २०२४ च्या निवडणुकीत झाली. त्यांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख सुमारे पंचवीस हजारांच्या अधिक्याने विजयी झाले. त्या वर्षी संबंध विधानसभेत शेकापला मिळालेली ही एकमेव जागा होय. तथापि समोर दोन्ही शिवसेनांचे स्वतंत्र उमेदवार उभे होते, आणि त्या दोघांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराच्या मतांहून अधिक भरते.