महाविद्यालय सोडताना फी परत कशी मिळवाल, शिष्यवृत्ती कशी टिकवाल?



दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबर आला की आमच्याकडे एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. कोणाला दुसऱ्या फेरीत चांगले महाविद्यालय मिळालेले असते आणि पहिले महाविद्यालय कागदपत्रे सोडत नाही. कोणाचे वडील आजारी पडलेले असतात, शहरात राहणे परवडत नाही. कोणी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि आता नर्सिंगला नंबर लागला. प्रश्न तीनच असतात: भरलेली फी परत मिळेल का? दाखला मिळेल का? आणि पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती चालू राहील का?

या तीन प्रश्नांची उत्तरे वेळेवर न मिळाल्याने आपल्या समाजातील अनेक मुलांचे शिक्षण कायमचे सुटते. घरातली पहिलीच पिढी महाविद्यालयात जाते, विचारायला कोणी नसते, आणि कार्यालयातला लिपिक जे सांगेल तोच कायदा वाटतो. म्हणून कार्यकर्त्यांना वस्तीत, वसतिगृहात आणि विहारात समजावून सांगता येईल अशी माहिती येथे एकत्र देत आहोत.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या

शिक्षण मध्येच थांबणे ही लाजेची गोष्ट नाही. १९१७ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्यामुळे बाबासाहेबांनाही लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले होते. मात्र निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी मिळवली होती. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. आपण घ्यायचा धडा साधा आहे: सोडावे लागले तर सोडा, पण परतीचा दरवाजा कागदोपत्री उघडा ठेवून सोडा. न सांगता वर्गात जाणे बंद करणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे.

फी परतावा: यूजीसीचा नियम काय सांगतो

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, ऑक्टोबर २०१८ मध्ये फी परतावा आणि मूळ कागदपत्रांबाबत अधिसूचना काढली. विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि यूजीसीच्या कक्षेतील महाविद्यालयांना ती लागू आहे. त्यात प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेवरून परतावा ठरतो:

- शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी अर्ज दिला तर १०० टक्के. यातून प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त ५ टक्के, आणि तेही ५,००० रुपयांच्या आतच कापता येते.
- शेवटच्या तारखेला १५ दिवसांपेक्षा कमी उरले असताना अर्ज दिला तर ९० टक्के.
- शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के.
- त्यानंतर ३० व्या दिवसापर्यंत ५० टक्के.
- ३० दिवस उलटल्यावर काहीही नाही.

उदाहरणच घेऊ. फी ४०,००० रुपये आणि प्रवेशाची शेवटची तारीख ३१ ऑगस्ट आहे असे समजा. १० ऑगस्टला अर्ज दिला तर जास्तीत जास्त २,००० रुपये कापून ३८,००० परत मिळायला हवेत. २५ ऑगस्टला दिला तर ३६,०००, १० सप्टेंबरला ३२,०००, २५ सप्टेंबरला २०,००० आणि ५ ऑक्टोबरला शून्य. "बघू, दिवाळीनंतर ठरवू" या एका वाक्याची किंमत अशी मोजावी लागते.

अनामत रक्कम या हिशेबात येत नाही. कितीही उशीर झाला तरी ती पूर्ण परत मिळायला हवी. लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत परतावा देणे महाविद्यालयावर बंधनकारक आहे. तसेच विद्यार्थी ज्या सत्रात किंवा वर्षात शिकणार आहे तेवढीच फी घेता येते. "सीट रिकामी राहिली, आता उरलेल्या सगळ्या वर्षांची फी भर" अशी मागणी या नियमात बसत नाही.

काही वर्षी यूजीसी याहून जास्त सवलत देते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यांना पूर्ण फी, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द करणाऱ्यांना जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकीची फी परत द्यावी, असे सांगितले होते. म्हणून आपल्या वर्षाचे परिपत्रक यूजीसीच्या संकेतस्थळावर आधी पाहा आणि त्याची प्रत अर्जाला जोडा.

इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकलचे वेगळे आहे

सीईटी सेलच्या कॅप फेरीतून तांत्रिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला असेल तर त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेतील रद्द करण्याचे नियम लागू होतात. इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमात ठरलेल्या मुदतीच्या आत प्रवेश रद्द केला तर १,००० रुपये कापून फी परत मिळते. मुदत संपली की फक्त अनामत रक्कम हाती येते. येथे रद्द करण्याचा अर्ज आपल्या लॉगिनमधून ऑनलाइन करावा लागतो आणि त्याची प्रिंट सही करून महाविद्यालयात द्यावी लागते. नुसते तोंडी सांगून किंवा साधा कागद देऊन प्रवेश रद्द होत नाही.

वैद्यकीय आणि दंत अभ्यासक्रमांत सीट सोडण्याचे नियम अधिक कडक असतात. तेथे माहिती पुस्तिका वाचल्याशिवाय पाऊल उचलू नका.

मूळ कागदपत्रे कोणाची?

तुमची. याच अधिसूचनेनुसार महाविद्यालयाने मूळ गुणपत्रिका, दाखले तुमच्या समोर पडताळून लगेच परत द्यायचे आहेत आणि स्वसाक्षांकित प्रती ठेवून घ्यायच्या आहेत. फीसाठी किंवा "शिष्यवृत्ती अजून जमा झाली नाही" म्हणून कागदपत्रे अडकवून ठेवणे ही तक्रारीची बाब आहे. शिष्यवृत्ती यायला शासनाकडून उशीर झाला तर त्याची शिक्षा विद्यार्थ्याने का भोगावी?

शिष्यवृत्तीचे काय होते?

भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू आहे आणि तिच्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न आहेत. २०२१ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार पालकांचे वार्षिक उत्पन्न २.५ लाखांपर्यंत असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना ती मिळते. खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. केंद्राची रक्कम आधार जोडलेल्या बँक खात्यात थेट येते. फीसोबत मिळणारा शैक्षणिक भत्ता अभ्यासक्रमाच्या गटानुसार वसतिगृहात राहणाऱ्यांना वर्षाला ४,००० ते १३,५०० रुपये, तर घरून येणाऱ्यांना २,५०० ते ७,००० रुपये आहे.

महाविद्यालय सोडताना किंवा बदलताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवा:

१. वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडले तर त्या वर्षाची घेतलेली शिष्यवृत्ती परत मागण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. म्हणून खात्यात आलेली फीची रक्कम घरखर्चात जाऊ देऊ नका. ती फी महाविद्यालयाची आहे, ती भरा आणि पावती घ्या. शिक्षण आधीच सोडले असेल तर समाज कल्याण कार्यालयाला लेखी कळवा.

२. विषय, अभ्यासक्रम किंवा महाविद्यालय परवानगीशिवाय बदलले तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. बदलण्याआधी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्या कार्यालयात अर्ज द्या आणि उत्तर लेखीच मागा.

३. एक टप्पा पास झाल्यावर त्याच टप्प्यावरच्या दुसऱ्या अभ्यासक्रमाला, म्हणजे बी.ए. झाल्यावर बी.एस्सी.ला, ही शिष्यवृत्ती मिळत नाही. पहिल्या वर्षातच चुकीची शाखा कळली तर तेव्हाच हालचाल करणे फायद्याचे.

४. आजारपणामुळे वार्षिक परीक्षा देता आली नाही तर वैद्यकीय प्रमाणपत्र आणि महाविद्यालयाचे पत्र जोडून नूतनीकरण मागता येते. औषधांच्या चिठ्ठ्या, दवाखान्याचे कागद फेकू नका.

५. हजेरी ७५ टक्के लागते. "सोडायचेच आहे" म्हणून दोन महिने वर्ग बुडवले आणि नंतर मन बदलले, तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाविद्यालयाच्या पातळीवरच अडकतो.

६. महाडीबीटीवर जुन्या महाविद्यालयाचा अर्ज तसाच राहिला तर नवीन अर्जात अडचण येते. निघण्यापूर्वी शिष्यवृत्ती विभागाच्या लिपिकाला लेखी देऊन तो रद्द करून घ्या आणि स्क्रीनचा फोटो ठेवा.

ज्यांच्या पालकांचे उत्पन्न २.५ लाखांहून अधिक आहे त्यांना राज्याची फ्रीशिप आहे. तेथेही महाविद्यालय सोडल्याची नोंद वेळेवर होणे तितकेच महत्त्वाचे. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा लाभ घेत असाल तर ती मदत प्रवेशावर आणि हजेरीवर अवलंबून आहे. महाविद्यालय बदलून दुसऱ्या शहरात गेलात तर समाज कल्याण कार्यालयाला लगेच कळवा, कारण शहरानुसार रक्कमही बदलते.

बौद्ध विद्यार्थ्यांसाठी खास सूचना

१९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या. पण त्यासाठी जातीच्या दाखल्यावर मूळ जातीची नोंद लागते. शाळेच्या दाखल्यावर फक्त "बौद्ध" लिहिलेले असेल तर महाविद्यालय बदलताना नेमका तेथेच घोळ होतो. बौद्ध हे अल्पसंख्याक म्हणूनही अधिसूचित आहेत. त्यामुळे एका महाविद्यालयात अल्पसंख्याक योजनेचा अर्ज आणि दुसरीकडे अनुसूचित जातीचा, असे कधी कधी होते. एका वेळी एकच शिष्यवृत्ती घेता येते. कोणती घ्यायची ते आधी ठरवा आणि जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र यांच्या प्रती हाताशी ठेवा.

सोडण्याचा अर्ज असा लिहा

प्रति प्राचार्य. विषय: प्रवेश रद्द करणे, फी परतावा व मूळ कागदपत्रे मिळणेबाबत. मी अमुक वर्गात अमुक तारखेला प्रवेश घेतला. अमुक कारणामुळे आजपासून प्रवेश रद्द करत आहे. यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार भरलेली फी व अनामत रक्कम १५ दिवसांत माझ्या बँक खात्यात जमा करावी, शाळा सोडल्याचा दाखला द्यावा आणि महाडीबीटीवरील माझा अर्ज रद्द करावा. सोबत: फीच्या पावत्या, ओळखपत्र, बँक पासबुकची प्रत.

अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. कोणी शिक्का देत नसेल तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने पाठवा. परताव्याचा सगळा हिशेब या तारखेवर चालतो.

ऐकले नाही तर

पहिली पायरी महाविद्यालयाची विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत ती असावी लागते. समितीत अध्यक्ष किंवा किमान एक सदस्य अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील, तसेच अध्यक्ष किंवा किमान एक सदस्य महिला असणे बंधनकारक आहे. तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत समितीने अहवाल द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. शिष्यवृत्तीचा मुद्दा असेल तर सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्याकडे अर्ज द्या.

परत येण्याचा रस्ता

नवीन शैक्षणिक धोरणानुसार राबवल्या जाणाऱ्या पदवी अभ्यासक्रमात, यूजीसीच्या आराखड्याप्रमाणे, पहिले वर्ष पूर्ण करून ठरलेली श्रेयांके मिळवली तर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन थांबता येते. तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. म्हणून वर्षाच्या मध्यावर अडचण आली तर शक्य असल्यास ते वर्ष संपवूनच थांबा. अर्धवट वर्षापेक्षा पूर्ण केलेले एक वर्ष फार मोलाचे, आणि घेतलेली शिष्यवृत्ती परत देण्याची वेळही येत नाही.

कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे: प्रवेशाच्या काळात विहारात एक दिवस मदत केंद्र लावा. दोन जण अर्ज लिहायला आणि एक जण महाविद्यालयात सोबत जायला, एवढे पुरेसे आहे. एकट्या मुलीला "उद्या ये" म्हणणारे कार्यालय तिच्यासोबत कागद घेऊन दोघे उभे राहिले की त्याच दिवशी शिक्का देते.

नमो बुद्धाय, जयभीम.